एनआयटी गोवा : भावाची रँक नेमकी कोणत्या ओळीशी ताडून पाहायची?

नमस्कार मंडळी,

आम्ही डिचोली तालुक्यातले. धाकट्या भावाची जेईई मेनची (इंजिनिअरिंगच्या प्रवेशपरीक्षेची) रँक आली आहे आणि त्याने एनआयटी गोव्याचा (राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेचा) ध्यास घेतलाय. कुंकळ्ळीच्या नव्या कॅम्पसचं २०२४ मध्ये उद्घाटन झालं तेव्हापासून त्याच्या तोंडी दुसरं नाव नाही. घरात इंजिनिअरिंगला गेलेलं कोणीच नाही, मी स्वतः बी.कॉम. रात्री जेवणं झाली की आम्ही दोघं वही घेऊन बसतो आणि रोज नवंच उत्तर निघतं.

पर्सेंटाइल ९३.४. कॉमन रँक (सगळ्या उमेदवारांमधली) ९७ हजारांच्या आसपास, ओबीसी-एनसीएल रँक (नॉन-क्रीमी लेयर ओबीसी उमेदवारांमधली) ३१ हजारांच्या थोडी पुढे. बारावी गोवा बोर्डातून, ८१ टक्के, म्हणजे ७५ टक्क्यांची अट पूर्ण होते.

जोसाच्या, म्हणजे एनआयटीच्या जागा फेऱ्यांमधून वाटणाऱ्या केंद्रीय यंत्रणेच्या, साइटवर मागच्या वर्षांच्या ओपनिंग-क्लोजिंग रँक (प्रत्येक शाखेत प्रवेश मिळालेली पहिली आणि शेवटची रँक) आहेत. पहिल्या रात्री आम्ही त्याचे ९७ हजार थेट ओबीसीच्या ओळीशी ताडले. त्याने वही मिटली आणि न बोलता झोपायला गेला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या मुलीने सांगितलं की त्या ओळीतले आकडे ओबीसी रँकचेच असतात. मग पुन्हा बसलो, तर मी घाईत फक्त मुलींसाठीच्या जागांची ओळ वाचली. तो इतका खूश झाला की आईला उठवायला धावला. ते आठवलं की अजून माझा जीव तुटतो. आता पेन्सिलीने एकच ओळ अधोरेखित केली आहे : जीओ कोटा (गोव्याच्या मुलांसाठीचा), ओबीसी-एनसीएल, जेंडर न्यूट्रल (मुलगे-मुली दोघांसाठी), शेवटची फेरी. हे तरी बरोबर आहे ना?

(कोटा बारावी कुठून केली त्यावर ठरतो, राहण्यावर नाही. आमच्या मामेभावाचं घर पेडण्यात, पण बारावी सावंतवाडीला केली म्हणून तो महाराष्ट्राचा धरला गेला. सीमेवरच्या पालकांनी हे दहावीनंतरच लक्षात घ्यावं.)

खरी अडचण पुढेच आहे. एकेका शाखेत गोव्याच्या ओबीसी जागा इतक्या थोड्या, की दोन मुलं दुसरीकडे गेली तरी क्लोजिंग रँक कुठच्या कुठे सरकते. म्हणून मी तीन वर्षांचे आकडे शेजारी शेजारी लिहिले. तिन्ही वर्षी मिळाली असती ती शाखा भरवशाची, एकाच वर्षी मिळाली असती ती नशिबाची, असं धरलंय. त्याला कॉम्प्युटर हवंय, ते नशिबाच्या बाजूला पडतं. तरी पसंतीक्रमात ते पहिलंच टाकायचं, असं माझं मत आहे. वर टाकल्याने खालची शाखा हातची जात नाही, असंच मी समजले आहे. चुकत असेन तर स्पष्ट सांगा.

पहिल्या फेरीत सिव्हिल लागलं तर 'फ्लोट' (पुढच्या फेरीत वरच्या पसंतीचं कुठलंही कॉलेज वा शाखा चालेल) ठेवायचं की 'स्लाइड' (त्याच कॉलेजात फक्त वरच्या पसंतीची शाखा)? त्याला कॉलेज बदलायचंच नाही, म्हणून मला स्लाइड योग्य वाटतं. कोणी प्रत्यक्ष केलं असेल तर अनुभव लिहा.

फर्मागुडीच्या गोवा अभियांत्रिकी महाविद्यालयाचाही अर्ज भरणार आहोत. तिथे जागा मिळाली आणि इकडे जोसाच्या फेऱ्या चालूच असल्या तर तिथली फी भरून ठेवायची का? नंतर जागा सोडली तर किती पैसे परत मिळतात? बाबांना रक्कम आधीच जुळवावी लागेल.

आणखी एक, सगळ्यांत निकडीचं. आमच्याकडचा जातीचा दाखला राज्याच्या नमुन्यातला आहे. जोसाला केंद्राच्या नमुन्यातला नॉन-क्रीमी लेयर दाखला लागतो, तोही यंदाच्या १ एप्रिलनंतर काढलेला. नसेल तर मुलगा ओपनमध्ये धरला जातो, म्हणजे ३१ हजारांचा आधारच गेला. डिचोलीत हा दाखला नुकताच कोणी काढला असेल, तर कोणती कागदपत्रं लागली आणि किती दिवस गेले ते कृपया सांगा. सोमवारी सकाळी मी कचेरीत जाणार आहे.