मदत हवी आहे: 'ड्रीम्स'वरचा वाद पुढे कसा न्यावा?

आमच्या फिल्म क्लबात जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावांचा 'ड्रीम्स' (१९९०) दाखवला. आठ स्वप्नं, दोन तास. बोगद्यातून मेलेल्या सैनिकांचे निळसर चेहरे बाहेर आले तेव्हा सगळे चिडीचूप. पण फुजी पर्वतामागच्या अणुभट्ट्या फुटल्या तिथून कुजबुज सुरू झाली, आणि पाणचक्क्यांच्या गावातला म्हातारा बोलू लागल्यावर निम्मे म्हणाले, "हे तर भाषण!" बाकीच्यांना तोच भाग सर्वांत आवडला. मलाही, त्यातली अंत्ययात्रा सणासारखी आहे. कुरोसावांचं वय, युद्ध, अणुबॉम्ब हे सगळं सांगून पाहिलं, वाद तिथेच अडकतो. रविवारी पाऊण तास मिळतोय, एकच स्वप्न पुन्हा दाखवता येईल, इंग्रजी सबटायटल्स चालतील. 'उपदेश' म्हणणाऱ्यांसाठी कोणतं स्वप्न निवडू आणि पहिला प्रश्न काय विचारू?