'ग्रेटेस्ट हिट्स'ला मराठीत काय म्हणाल?

खोडरबर:
क्वीन या ब्रिटिश रॉक बँडच्या 'ग्रेटेस्ट हिट्स'वर एका दिवाळी अंकासाठी लेख लिहिलाय. ऑक्टोबर १९८१ मध्ये ही एलपी ब्रिटनमध्ये निघाली, गाणी सतरा. त्या देशात आजवर सगळ्यांत जास्त खपलेला अल्बम हाच. २०२२ मध्ये त्याने सत्तर लाखांचा टप्पा ओलांडला. मी साधं 'ग्रेटेस्ट हिट्सचा अल्बम' लिहिलं होतं. संपादकांकडून परत आलं ते 'संपूर्ण कारकिर्दीतील सर्वश्रेष्ठ गीतांचे संकलन' होऊन. भात खाताना दाताखाली खडा यावा तसं झालं, पण खडा नेमका कोणता ते सापडेना. कोणी सांगेल का?

अनुस्वार:
पहिला खडा 'सर्वश्रेष्ठ'. हिट गाणं चांगलंच असतं असा नियम कुठे आहे? हिट म्हणजे जे खपलं, रेडिओवर वाजलं, लोकांच्या तोंडी बसलं. 'गाजलेली गाणी' म्हणा. संस्कृत गर्ज्, प्राकृतात गज्ज, मराठीत गाज. समुद्राची गाज तीच. या शब्दाच्या मुळाशी आवाज आहे, गुणवत्ता नाही. म्हणून भाषण गाजतं, मैदान गाजतं.

पोटमाळा:
आणि घोटाळाही गाजतो. 'गाजलेलं प्रकरण' म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर कोर्टाच्या पायऱ्याच येतात. मी 'निवडक' म्हणेन. भारदस्त आहे आणि पुस्तकांमुळे सवयीचाही आहे.

अनुस्वार:
'निवडक' म्हटलं की निवडणारा आलाच. आई तांदूळ निवडायची तेव्हा ताटातले तांदूळ एका अंगाला सारत सारत खडे वेचून बाहेर टाकायची. राहायचं जवळजवळ सगळं, जायचं चिमूटभर. पुस्तकाच्या नावातलं 'निवडक' याच्या बरोबर उलट चालतं: चिमूटभर ठेवायचं, ताटभर बाजूला. दोन्हीकडे हात मात्र कुणाचा तरी असतोच. हिट्सचं तसं नाही. दुकानात पैसे मोजणाऱ्यांनी ती आधीच निवडलेली असतात, कंपनी फक्त एकत्र बांधते.

जुनी रीळ:
'फक्त बांधते' हे पटलं नाही, अनुस्वार. याच एलपीचं घ्या. सुरुवातीला देशोदेशी तिची यादी वेगवेगळी होती. अमेरिकेत चौदाच गाणी होती आणि त्यात 'अंडर प्रेशर' होतं. ब्रिटनमध्ये ते नव्हतं, कारण तिथे ते गाणं नुकतंच बाजारात येत होतं. नोव्हेंबरमध्ये ते तिथे पहिल्या क्रमांकावर गेलं आणि ब्रिटिश यादीत शिरायला त्याला या संकलनाचा १९९१ मध्ये आलेला दुसरा भाग उजाडावा लागला. उलट 'कीप युवरसेल्फ अलाइव्ह' हे १९७३ चं पहिलंवहिलं सिंगल. तेव्हा कुठेच चाललं नव्हतं, तरी अमेरिकेतल्या यादीत आहे! ते गाजलेलं नाही, निवडलेलंच आहे.

दुसरी गंमत. ही एलपी निघाली तेव्हा ब्रिटनमध्ये क्वीनचं पहिल्या क्रमांकावर पोचलेलं गाणं एकच होतं: 'बोहेमियन रॅप्सडी', नऊ आठवडे. 'डोन्ट स्टॉप मी नाऊ' १९७९ मध्ये नवव्या क्रमांकावरच थांबलं होतं. आज लग्नाच्या पार्टीपासून जाहिरातीपर्यंत कुठेही ऐकू येतं. म्हणजे काही गाणी गाजली म्हणून यादीत आली, आणि काही यादीत राहून राहून पुढे गाजली.

पोटमाळा:
पाचगणीचा उल्लेख अजून कसा नाही आला? मराठीत क्वीनवर लेख आणि फारुख बलसाराची, म्हणजे त्यांच्या गायकाची, फ्रेडी मर्क्युरीची तिथली शाळा नाही, असं होतच नाही.

खोडरबर:
आहे हो लेखात. तिसऱ्याच परिच्छेदात सेंट पीटर्स, शाळेतला 'द हेक्टिक्स' हा बँड, सगळं. ते संपादकांनी जसंच्या तसं ठेवलंय.

ताकभात:
मला 'कारकीर्द' खटकली. फारसीतून आलेला हा शब्द आपल्याकडे राज्यकारभारासाठी रुळला: थोरल्या माधवरावांची कारकीर्द वगैरे. त्यात गादीवर बसणं आणि गादी सुटणं, दोन्ही टोकं धरलेली असतात. १९८१ मध्ये क्वीनची 'संपूर्ण कारकीर्द' कुठून आणणार? 'रेडिओ गा गा' १९८४ चं, वेम्ब्लीवरचा लाइव्ह एड हा गाजलेला मदतनिधी-जलसा १९८५ चा. दुसरा भाग ऑक्टोबर १९९१ च्या अखेरीस आला आणि चार आठवड्यांत फ्रेडी मर्क्युरी गेला. 'संपूर्ण' म्हणायचंच तर ते त्यानंतरच म्हणता येईल, आणि तेही जड मनाने. इथे 'आजवरची' किंवा 'तोवरची' पुरे.

ईगल्स या अमेरिकन बँडचं तर याहून मजेशीर आहे. त्यांचा ग्रेटेस्ट हिट्स फेब्रुवारी १९७६ चा. 'हॉटेल कॅलिफोर्निया' आलं त्याच वर्षीच्या डिसेंबरात! सगळ्या जगाला त्यांचं जे गाणं ठाऊक, ते त्यात नाहीच. तरी अमेरिकेतल्या सर्वाधिक खपाच्या अल्बमांत तो अगदी वर आहे. त्याला 'सर्वश्रेष्ठ' म्हणून बघा, कोणीतरी भांडायला येईलच.

अनुस्वार:
जुनी रीळ, अमेरिकेतल्या यादीचा मुद्दा मान्य. 'निवडक'वरचा माझा आक्षेप अर्धा मागे घेतो. आता उरलं 'संकलन'. गणितात संकलन म्हणजे बेरीज. भास्कराचार्यांच्या लीलावतीत संकलित-व्यवकलित म्हणजे बेरीज-वजाबाकी. आणि सिनेमाच्या श्रेयनामावलीत संकलक म्हणजे एडिटर, कात्री चालवणारा. एकाच शब्दात जोडणं आणि कापणं दोन्ही आहे, म्हणून अशा अल्बमला तो मला चपखल वाटतो. 'संग्रह' नको. तिकिटांचा संग्रह करणारा जे मिळेल ते ठेवतो.

ताकभात:
'सदाबहार' आणि 'अवीट' यांना कोणी विचारलंच नाही. 'अवीट' मला फार आवडतो, ज्याचा वीट येत नाही ते. पण 'वी विल रॉक यू' प्रत्येक मॅचला ऐकून मला आलाय वीट, त्यामुळे इथे नको.

बाकी ही कल्पना आपल्याला नवी नाही. तुकोबांची गाथा हजारो अभंगांची, पण फडावर उभे राहिलात की भजनी मालिकेतले ठरलेले अभंग ठरलेल्या क्रमानेच येतात. दिंडीतल्या माणसाला अख्खी गाथा पाठ नसेल, मालिका असते.

जुनी रीळ:
'मालिका'! हा शब्द टीव्हीने पळवला नसता तर हाच घ्या म्हणालो असतो. आता 'क्वीनची गाजलेली मालिका' लिहिलंत तर लोक रोज रात्री आठला वाट बघत बसतील.

पोटमाळा:
शुद्धलेखनाचं एक विचारून घेतो. 'हिट' की 'हीट'? अकारान्त शब्दाच्या उपान्त्य दीर्घाचा नियम लावला तर 'हीट' होतं.

अनुस्वार:
ऱ्हस्वच. तो नियम मीठ-गरीब-वकीलसाठी. उसन्या इंग्रजी शब्दात उच्चार बघायचा. 'ग्रेटेस्ट हीट्स' लिहिलंत तर विदर्भातल्या मे महिन्यावरचा लेख वाटेल.

खोडरबर:
सगळ्यांचे आभार. अल्बमचं नाव 'ग्रेटेस्ट हिट्स' असंच ठेवतो, ते विशेषनाम आहे. वर्णनात पहिल्यांदा 'तोवरच्या गाजलेल्या गाण्यांचं संकलन', पुढे नुसतं 'संकलन'. 'सर्वश्रेष्ठ' आणि 'संपूर्ण कारकीर्द' दोन्ही काढून संपादकांना पाठवलंय.

एक राहिलंच. दुकानात यादी देऊन आवडीची गाणी कोऱ्या कॅसेटवर उतरवून घ्यायचो, त्या कॅसेटला तुमच्याकडे काय म्हणायचे? आमच्याकडे 'भरून घेतलेली'. यादी आपली, क्रम आपला, वर निळ्या बॉलपेनने नावंही आपणच लिहायची.

जुनी रीळ:
आमच्याकडेही 'भरलेली' किंवा 'भरून आणलेली'. 'साठची भरू की नव्वदची?' हा दुकानदाराचा पहिला प्रश्न. मी पैसे वाचवायला साठची सांगितली. 'वी आर द चॅम्पियन्स' शेवटी टाकलं होतं, ते दुसऱ्या कडव्यातच तुटलं. अजून कुठे पूर्ण ऐकलं तरी त्याच जागी मन थबकतं.