मदत हवी आहे: जमार्कस रसेलला परत संधी का मिळाली नाही? (पॉडकास्टसाठी)

धागाकर्ता: कल्याणचा_कट्टेकर

नमस्कार मंडळी,

मी आणि माझा मित्र मिळून एक छोटं मराठी पॉडकास्ट चालवतो. सध्याची मालिका आहे खेळातून बाहेर फेकल्या गेलेल्या आणि परत यायची धडपड केलेल्या खेळाडूंवर. झहीर खानचा भाग करून झाला. पुढचा भाग अमेरिकन फुटबॉलवर, म्हणजे जमार्कस रसेलवर. हा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून संघाची चढाई चालवणारा. घोडं इथे अडलंय की आम्हा दोघांनाही या खेळाचं ओ की ठो कळत नाही. अमेरिकेतली मंडळी इथे बरीच आहेत म्हणून हा धागा.

आतापर्यंत जमवलेलं असं: रसेल अलाबामातल्या मोबील शहराचा. उंची सहा फूट सहा इंच. गुडघ्यावर बसून अर्ध्या मैदानापलीकडे चेंडू फेकायचा म्हणे. लुइझियाना स्टेट विद्यापीठाकडून खेळताना जानेवारी 2007 च्या शुगर बोल सामन्यात त्याने नोटर डेमचा 41-14 असा फडशा पाडला. एप्रिलमध्ये ओकलंड रेडर्सने त्याला नव्या खेळाडूंच्या निवडीत, म्हणजे ड्राफ्टमध्ये, पहिल्या क्रमांकावर उचललं. मग पैशांवरून घासाघीस, आणि सही झाली ती सप्टेंबरात, मोसम सुरू झाल्यावर. करार सहा वर्षांचा, 6 कोटी 80 लाख डॉलरपर्यंतचा, त्यातले 3 कोटींहून जास्त हमीचे. तीन मोसमांत 25 सामन्यांत पहिल्यापासून उतरला, त्यातले 7 जिंकले. 18 टचडाउन (गुण मिळवून देणाऱ्या फेकी), 23 इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने पकडलेल्या फेकी). मे 2010 मध्ये संघाने नारळ दिला. वय 24.

2013 मध्ये त्याने पुन्हा उचल खाल्ली. वजन 300 पौंडांच्या वर गेलेलं. सॅन डिएगोला जेफ गार्सिया या माजी क्वार्टरबॅकच्या हाताखाली सराव केला, बरंच वजन उतरवलं. जूनमध्ये शिकागो बेअर्सने चाचणीला बोलावलं, पण करार काही दिला नाही. 2016 मध्ये त्याने सगळ्या 32 संघांना पत्रं पाठवली की एक वर्ष फुकट खेळतो. कोणी घेतलं नाही.

आता प्रश्न. 2013 मध्ये तो 27 वर्षांचा होता. क्वार्टरबॅक पस्तिशीपर्यंत आरामात खेळतात असं वाचलं. मग हाताची ताकद शाबूत असताना कोणीच राखीव म्हणूनही का घेऊ नये? झहीर 2006 मध्ये संघाबाहेर होता तेव्हा वुस्टरशरला गेला, 78 बळी घेतले आणि वर्षअखेर परत भारताच्या टोपीत दिसला. रसेलला असा काउंटीसारखा रस्ता नव्हता का?

दुसरं, कोऱ्या कॅसेटचा किस्सा. प्रशिक्षकांनी त्याला घरी अभ्यासाला मुद्दाम कोऱ्या चित्रफिती दिल्या आणि दुसऱ्या दिवशी तो म्हणाला की हो, पाहिल्या. आमच्या मित्राला भागाची सुरुवात यानेच करायची आहे. करावी का?

आणि ड्राफ्ट म्हणजे काय हे मराठी श्रोत्याला कसं सांगायचं? आयपीएलचा लिलाव म्हणून भागेल का?

---

खवचट_खंडू

3 कोटी डॉलर मिळणार असतील तर अपयशी व्हायला मीही तयार आहे. वजनाची तयारी झालेलीच आहे.

---

डॅलसचा_दिनू

खंडूशेठ, रांगेत या.

कट्टेकर, लिलाव म्हणू नका, गाडी तिथेच घसरेल. लिलावात खेळाडूवर पाच संघ बोली लावू शकतात. ड्राफ्टमध्ये आदल्या मोसमात सगळ्यात वाईट खेळलेला संघ सगळ्यात आधी निवडतो, आणि ज्याने निवडलं त्याच्याशीच मुलाने बोलणी करायची. रेडर्स 2006 मध्ये 16 पैकी 2 सामने जिंकले होते, म्हणून पहिला नंबर त्यांचा. म्हणजे सगळ्यात गुणी मुलगा सगळ्यात विस्कटलेल्या घरात जातो. हे एक वाक्य तुमच्या भागात असायलाच हवं. रसेल आला त्याच वर्षी लेन किफिन नवा मुख्य प्रशिक्षक, 2008 च्या मोसमात चार सामन्यांनंतर त्यालाच काढलं, मग टॉम केबल. विशी-बाविशीचा पोरगा, सराव शिबिर बुडवून उशिरा आलेला, आणि शिकवणारे बदलतायत.

त्याच्या बाजूने वकिली करत नाहीये. 2008 मध्ये 13 टचडाउन आणि 8 इंटरसेप्शन, मोसमाचे शेवटचे दोन्ही सामने जिंकले, तेव्हा आम्हालाही वाटलं की जमतंय. 2009 मध्ये 3 टचडाउन, 11 इंटरसेप्शन, आणि नोव्हेंबरात बाकावर. बाविसाव्या वर्षी चुकणं लोक समजून घेतात. तिसऱ्या वर्षी मागे जाणं समजून घेत नाहीत.

आता तुमचा मुख्य प्रश्न, काउंटीचा. फार बरोबर जागी बोट ठेवलंत. असा रस्ता पूर्वी होता. मुख्य लीगची, म्हणजे एनएफएलची, स्वतःची युरोपातली स्पर्धा होती, एनएफएल युरोप. कर्ट वॉर्नर या क्वार्टरबॅकला ड्राफ्टमध्ये कोणीच घेतलं नव्हतं, ग्रीन बे संघाने 1994 मध्ये शिबिरातून काढलं, वाणसामानाच्या दुकानात रात्रपाळीला माल लावायचा. मग छताखालच्या छोट्या मैदानावरचं अरीना फुटबॉल, मग युरोप, आणि 1999 च्या मोसमात सेंट लुईसला थेट विजेतेपद. ही युरोपातली स्पर्धा 2007 च्या जूनमध्ये बंद झाली. रसेल ज्या वर्षी आला त्याच वर्षी. नंतर युनायटेड फुटबॉल लीग म्हणून एक निघाली, तीही 2012 मध्ये आटोपली. 2013 मध्ये रसेल दार ठोठावत होता तेव्हा कॅनडा आणि अरीना एवढंच उरलं होतं, आणि कॅनडातला खेळ वेगळा: मैदान मोठं, बारा खेळाडू, दहा यार्ड पुढे सरकायला चाराऐवजी तीनच प्रयत्न.

याहून महत्त्वाचं एक आहे जे सहसा कोणी सांगत नाही. मुख्य संघ 53 जणांचा. त्यामागे सरावासाठी एक छोटी तुकडी असते. 2013 मध्ये ती आठ जणांची होती आणि नवख्यांसाठीच राखीव. तीन मोसम खेळलेल्या रसेलला त्या तुकडीत ठेवताच आलं नसतं. म्हणजे मोसम सुरू होताना बेअर्सपुढे दोनच पर्याय उरले असते: 53 मधली एक जागा द्या किंवा घरी पाठवा. तीन अख्खे मोसम घरी बसलेल्या माणसासाठी ती जागा कोण देणार? लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्या 2020 च्या करारानंतर अनुभवी खेळाडूंनाही सराव तुकडीत घेता येतं. आज असता तर निदान आठवडाभर कोणाच्या तरी सरावात दिसला असता.

---

कल्याणचा_कट्टेकर

दिनूभाऊ, दंडवत! सराव तुकडीचं हे कुठेच नव्हतं. पण मग फुकट खेळण्याच्या पत्राचं काय? पैसेच नको म्हटल्यावर संघाचं काय जातं?

---

डॅलसचा_दिनू

फुकट खेळताच येत नाही. खेळाडूंच्या संघटनेशी झालेल्या करारात किमान पगार ठरलेला आहे, त्याच्या खाली कोणालाही उतरवता येत नाही. पत्रामागचा भाव समजतो, पण संघांच्या दृष्टीने अडचण पैशाची कधीच नव्हती. ती जागेची आणि सरावातल्या वेळेची. राखीव क्वार्टरबॅकलाही आठवड्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच फेकी मिळतात, त्या पुढच्या रविवारच्या सामन्याच्या तयारीत जातात.

---

मृण्मयी_ओहायो

कट्टेकर, कॅसेटच्या किस्स्याबद्दल. नका सुरुवात करू त्याने. तो संघातल्या इतरांनी नंतर मुलाखतींमधून सांगितलेला आहे, आणि प्रत्येक वेळी थोडा रंग चढत गेलाय. सांगायचाच असेल तर "असं सांगितलं जातं" म्हणून मधे कुठेतरी घ्या. सुरुवातीला ठेवलात की श्रोत्याने पहिल्याच मिनिटाला निकाल दिलेला असतो, पुढची चाळीस मिनिटं कशाला ऐकेल?

तसंच जुलै 2010 मधल्या अटकेचं. कोडीनयुक्त औषध बाळगल्याच्या संशयावरून मोबीलमध्ये त्याला अटक झाली होती हे खरं, पण ऑक्टोबरमध्ये ग्रँड ज्युरीने (खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने) आरोप ठेवायला नकार दिला. बरेच यूट्यूबवाले पहिलं अर्ध सांगतात आणि दुसरं गाळतात. दोन्ही सांगा किंवा दोन्ही सोडा.

आणि त्या ड्राफ्टमध्ये त्याच्यामागे कोण होतं ते नक्की घ्या, कारण त्याच्या नावाला चिकटलेला डाग त्यातूनच गडद झाला. दुसरा कॅल्विन जॉन्सन, तिसरा आमचा क्लीव्हलंडचा जो थॉमस, सातवा एड्रियन पीटरसन, अकरावा पॅट्रिक विलिस, चौदावा डॅरेल रीव्हिस. जॉन्सन, थॉमस, विलिस, रीव्हिस सगळे हॉल ऑफ फेममध्ये पोचले. आमच्याकडे सीटवर बसून दरवर्षी नवीन क्वार्टरबॅकची नावं पाठ करणाऱ्या ब्राउन्सच्या (क्लीव्हलंडच्या संघाच्या) भक्तांना दुसऱ्याच्या फसलेल्या निवडीवर हसायचा हक्क नाही म्हणा, पण हसतो.

अवांतर: पगाराचाही मुद्दा आहे. नवख्यांच्या अशा करारांवरून मालक मंडळी आधीच कुरकुरत होती आणि रसेल त्यांचं लाडकं उदाहरण झाला. 2010 चा पहिला निवडलेला सॅम ब्रॅडफर्ड, सहा वर्षांचे 7 कोटी 80 लाख डॉलर. खेळाडू संघटनेशी झालेल्या 2011 च्या नव्या करारानंतर पहिला आलेला कॅम न्यूटन, चार वर्षांचे साधारण 2 कोटी 20 लाख.

---

खवचट_खंडू

म्हणजे रसेलने खाल्लं आणि न्यूटनला ढेकर आला नाही.

---

पुण्याची_पाटी

इतकं सहानुभूतीने का बघायचं? वजन कोणी वाढवायला लावलं होतं का? झहीर घाम गाळून परत आला. याने 2010, 2011, 2012 काय केलं? 27 व्या वर्षी आठवण झाली. सॅम डार्नल्ड या क्वार्टरबॅककडे बघा, 2018 च्या ड्राफ्टमधला तिसरा, जेट्सने सोडला, कॅरोलायनाने सोडला, सॅन फ्रान्सिस्कोत राखीव म्हणून बसला आणि 2024 मध्ये मिनेसोटासाठी 14 सामने जिंकून दाखवले.

---

आप्पा_सॅनहोजे

पाटीताई, तुमच्या उदाहरणातच उत्तर आहे. डार्नल्ड एक दिवसही लीगबाहेर नव्हता. कोणाच्या ना कोणाच्या इमारतीत, कोणाच्या ना कोणाच्या बैठकीत बसत होता. आळशीपणाचा आरोप मी पुसत नाही, 2013 ला जितकं वजन उतरवलं तितकं 2010 ला उतरवलं असतं तर गोष्ट वेगळी असती. पण एकदा बाहेर पडल्यावर आत यायचा जिना नाही, हे दिनूने सांगितलं ते पटतं.

कट्टेकर, मी इथे फार वर्षं आहे, रेडर्स ओकलंड सोडून गेले तरी जीव तिथेच अडकलाय. तुम्हाला एक सुचवतो. रसेलच्या भागात जिम प्लंकेट हवाच. आमच्या सॅन होजेचा मुलगा, मेक्सिकन वंशाचा, आई आंधळी आणि वडिलांना जेमतेम दिसायचं. 1971 च्या ड्राफ्टमधला पहिला. न्यू इंग्लंडमध्ये मार खाऊन खाऊन शरीराची चाळण झाली. 1976 ला सॅन फ्रान्सिस्कोला आला, 1978 मध्ये मोसमाच्या तोंडावर त्यांनीही काढलं. सगळ्यांच्या लेखी संपलेला. त्याला उचललं कोणी? रेडर्सच्या अल डेव्हिसने. त्याच अल डेव्हिसने, ज्याने पुढे रसेलला निवडलं.

1978 चा अख्खा मोसम प्लंकेट बसून होता. 1979 मध्ये नावापुरता खेळला. 1980 मध्ये पाचव्या सामन्यात मुख्य क्वार्टरबॅक डॅन पास्टोरिनीचा पाय मोडला म्हणून हा मैदानात गेला, आणि जानेवारी 1981 मध्ये फिलाडेल्फियाला 27-10 हरवून सुपर बोलचा (लीगच्या अंतिम सामन्याचा) सर्वोत्तम खेळाडू ठरला. तीन वर्षांनी आणखी एक जिंकला.

डेव्हिसने त्याला दोन वर्षं काहीही न मागता बाकावर ठेवलं. ते परवडलं कारण प्लंकेट स्वस्तात आलेला होता आणि कोणाचं लक्ष नव्हतं. रसेलला बाकावर ठेवलं की रोज त्याचा पगार पेपरात यायचा. ऑक्टोबर 2011 मध्ये डेव्हिस गेले. 2013 मध्ये रसेल परत यायला निघाला तेव्हा त्याच्यावर हट्टाने विश्वास टाकणारा तो एक म्हातारा उरलाच नव्हता.

---

पुण्याची_पाटी

आप्पा, प्लंकेटचं माहीत नव्हतं. तरीही 300 पौंड ते 300 पौंडच.

---

कल्याणचा_कट्टेकर

मंडळी, खूप आभार. मित्राशी बोललो. कॅसेट सुरुवातीतून गेली, अटकेबद्दल दोन्ही बाजू एका वाक्यात येतील. सुरुवात आता बेअर्सच्या चाचणीने होईल आणि लगेच 53 जागांचं गणित. पाटीताईंचं म्हणणं मित्राच्या तोंडी घालतोय, म्हणजे भागात भांडणही होईल.

आप्पा, प्लंकेटला पाच मिनिटांत कोंबणं जिवावर येतंय, त्याचा वेगळा भाग करावा म्हणतो. 1980 चा तो मोसम तुम्ही स्वतः पाहिलात का? तुमच्याशी फोनवर अर्धा तास बोलून ध्वनिमुद्रण केलं तर चालेल का? तुमच्या वेळेनुसार, शनिवारी सकाळी आमच्याकडे रात्र असेल तेव्हा.

---

आप्पा_सॅनहोजे

चालेल. तेव्हा मी नुकताच आलो होतो आणि नियम कळत नव्हते, ते आधीच सांगून ठेवतो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.