मदत हवी आहे: लाळेतलं कॉर्टिसोल, दोन रात्रींचे दोन वेगळे निकाल

आई ५६ वर्षांची, कराडजवळ गावी असते. वर्षभरात चेहरा गोल झालाय, पोट सुटलंय, हातपाय मात्र काड्या. जरा कुठे लागलं की काळंनिळं पडतं, खाली बसली की हात टेकल्याशिवाय उठवत नाही. बीपीच्या दोन गोळ्या चालू असूनही वरचा आकडा १६० च्या खाली येत नाही. पुण्यात हार्मोनच्या डॉक्टरांना कुशिंगची, म्हणजे शरीरात कॉर्टिसोल हे हार्मोन जास्त होण्याच्या आजाराची, शंका आली आणि त्यांनी लाळेतलं कॉर्टिसोल तपासायला सांगितलं. सलग दोन रात्री, ११ ते १२ च्या दरम्यान.

"रक्त घ्या की, थुंकी कशाला?" असं आईने विचारलंच. डॉक्टर म्हणाले, कॉर्टिसोल सकाळी सर्वात जास्त असतं आणि मध्यरात्री तळाला जातं. कुशिंगमध्ये रात्रीची ही उतरण राहत नाही. त्या वेळी दवाखान्यात नेऊन सुई टोचली तर धसक्यानेच आकडा चढेल. शिवाय रक्तातलं बहुतेक कॉर्टिसोल प्रथिनांना चिकटलेलं असतं, लाळेत येतं ते मोकळं.

लॅबने झाकणाच्या दोन नळ्या दिल्या, आत कापसाचा बोळा. तो दोन मिनिटं तोंडात घोळवून, हात न लावता परत नळीत टाकायचा. पहिल्या रात्रीचा आकडा मर्यादेच्या दुप्पट आला, दुसऱ्या रात्रीचा मर्यादेच्या आत.

काल वहिनीचा फोन आला. पहिल्या रात्री आईने मिश्री लावली, चूळ भरली आणि लगेच बोळा तोंडात घेतला. तिच्या हिरड्यांतून रक्त येतं. शिवाय खोकल्यासाठी दोन महिने ती ज्येष्ठमधाची काडी चघळतेय. यातलं काहीच डॉक्टरांना सांगितलेलं नाही, मिश्रीची तिला लाज वाटते. अर्धा तास आधी तोंडात काही घालायचं नाही हे चिठ्ठीवर होतं, पण इंग्रजीत.

पहिला निकाल बाद धरायचा का? पुन्हा नमुना द्यायचा तर काय पाळायचं? कुणाच्या घरी ही तपासणी झाली असेल तर कृपया सांगा, फार काळजी वाटतेय.

प्रतिसाद १
माझ्या बहिणीची झाली आहे. हिरड्यांतलं रक्त लाळेत मिसळलं तर आकडा खोटा वाढतो, कारण रक्तात कॉर्टिसोल लाळेपेक्षा कितीतरी जास्त असतं. त्या रात्री जेवण लवकर उरकून घ्या, त्यानंतर ब्रश नाही, मिश्री नाही. खाजेचं मलम कुणी लावत असेल तर त्या हाताने नळीला शिवायचं नाही. अशा मलमात बऱ्याचदा हायड्रोकॉर्टिसोन असतं आणि ते म्हणजे कॉर्टिसोलच, बोटाला लागलेलंही मोजलं जातं.

प्रतिसाद २
मी लॅबमध्ये काम करते. मिश्रीपेक्षा मला ज्येष्ठमधाची जास्त काळजी वाटते. लाळग्रंथीत कॉर्टिसोलचं कॉर्टिसोन (त्याचं निष्क्रिय रूप) करणारं एक विकर (एन्झाइम) असतं, ज्येष्ठमध ते अडवतं, म्हणून लाळेत कॉर्टिसोल जास्त दिसतं. मूत्रपिंडातही तेच होतं, त्याने बीपी चढतं आणि पोटॅशियम उतरतं. आईंचं पोटॅशियम तपासलंय का? काडी आजच थांबवा, पण नमुना किती दिवसांनी द्यायचा ते डॉक्टरांनाच ठरवू द्या.

मात्र पहिला निकाल मनाने बाद करू नका. काहींच्या कुशिंगमध्ये कॉर्टिसोल मधूनच वाढतं, मधूनच उतरतं. म्हणून तर एकापेक्षा जास्त रात्री घेतात. जोडीला रात्री ११ ला १ मिलीग्रॅम डेक्सामेथासोन (एरवी कॉर्टिसोल दाबणारी गोळी) देऊन, ते दबलं का हे बघायला सकाळी रक्त घेतात किंवा २४ तासांची लघवी तपासतात.

धागाकर्ती
दोघांचे मनापासून आभार. पोटॅशियम मागच्या महिन्यात कमीच, ३.१ होतं, "केळी खा" एवढंच कुणीतरी सांगितलं होतं. आईला फोनवर सगळं समजावलं. आधी गप्प बसली, मग म्हणाली, "मिश्रीचं तूच सांग डॉक्टरांना, मी शेजारी बसते." सोमवारची वेळ घेतली आहे. ज्येष्ठमधाची पुडी वहिनीने ताब्यात घेतलीय.