सप्टेंबरातच नाताळचा माल कशासाठी?

नेकारकाठी:
गेली सहा वर्षे मी श्टुटगार्टला राहतो. यंदा गणपती बसायला दोन दिवस उरले असताना आरासीसाठी रंगीत कागद आणायला गेलो, तर लोक अजून अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यांत वावरत असलेल्या त्या दुकानात, दारातच लेबकूखेन आणि श्टोलेन या नाताळच्या गोड खाण्याचे ढीग रचलेले होते. मुलाने अर्थातच हट्ट धरला. चार महिने आधी हा माल मांडण्याची घाई दुकानांना का असते, आणि जर्मन लोकांना ते खटकत नाही का?

दालचिनी:
लेबकूखेन हा मसाल्यांचा, मधाचा किंवा साखरेच्या पाकाचा गोड पदार्थ महिनोन्महिने टिकतो, त्यामुळे तो लवकर मांडला तरी दुकानदाराचे नुकसान होत नाही. उलट २४ डिसेंबर उलटला की हाच माल निम्म्या किमतीत काढावा लागतो. म्हणून पूर्ण भावाने विकण्याचे दिवस जितके वाढवता येतील तितके त्याला हवेच असतात. शिवाय उन्हाळी सामान हलल्यावर फळ्या मोकळ्या होतात. कारखानदार तर याला नाताळचा नव्हे, शरद ऋतूचा माल म्हणतात (शब्दांची ही कसरत मला मोठी गमतीची वाटते). मात्र गिऱ्हाईक घेते म्हणूनच तो मांडला जातो, हे विसरू नये.

जुनी_पेठ:
खटकते, आणि त्यामागे कारण आहे. आडव्हेंट म्हणजे नाताळआधीच्या चार रविवारांचा, सणाची वाट पाहण्याचा काळ. त्याच्या आधीचा रविवार प्रोटेस्टंट लोकांत मृतांच्या स्मरणाचा असतो. प्रशियाचा राजा फ्रीडरिख विल्हेल्म तिसरा याने १८१६ साली तो पाळण्याचा आदेश दिला, आणि तो होईपर्यंत नाताळची सजावट करायची नाही असे मानणारी घरे आजही आहेत. न्यूर्नबर्गचा प्रसिद्ध नाताळ बाजार आडव्हेंटच्या पहिल्या रविवारआधीच्या शुक्रवारी, म्हणजे हा दिवस झाल्यावरच उघडतो. एसेनसारख्या शहरांनी मात्र हा संकेत मोडला आहे. माझ्या शेजारच्या आजी सप्टेंबरात या फळ्यांसमोरून मान वळवून जातात. माझे मत त्यांच्याच बाजूचे आहे, कारण वाट पाहण्यासाठी दिवस राखून ठेवलेल्या सणाचे खाणे आधीच तोंडात पडले, तर त्या दिवसांना काही अर्थ उरत नाही.

मांडवीपार:
गोव्यात हा प्रश्न थोडा वेगळा आहे. दिवाळीचे आकाशकंदील उतरले की दुकानांत तारे टांगले जातात आणि ३ डिसेंबरच्या जुन्या गोव्याच्या फेस्तापर्यंत (सेंट फ्रान्सिस झेवियरच्या सणापर्यंत) नाताळची हवा तयार होते. परंतु नेवऱ्या (करंज्या) हिंदू घरांत गणेशचवथीला आणि ख्रिस्ती घरांत नाताळला होतात, तेव्हा सप्टेंबरात नेवरी दिसली तर ती लवकर आली असे आम्हांला कोणत्या तोंडाने म्हणता येईल?

नेकारकाठी:
सर्वांचे आभार. दालचिनी, तुमचे वाचून पाकिटावरची तारीख पाहिली. ती पुढच्या मार्चची निघाली. पाकीट सध्या वरच्या फळीवर मोदकाच्या साच्यामागे ठेवले आहे, आणि मुलाला ती जागा ठाऊक आहे.