सर्दी, चोंदलेले नाक आणि वनस्पतींची सुगंधी तेले : आपले अनुभव लिहा

धाग्याची सुरुवात

पावसाळा ओसरून थंडीची चाहूल लागली की घरोघरी निलगिरीच्या तेलाची बाटली, ओव्याची पुरचुंडी, कापूर आणि पेपरमिंटचे फूल फडताळातून बाहेर येतात. यांतले काय वापरावे याविषयी प्रत्येक घराचा ठाम नियम असतो. परंतु किती वापरावे, कुणाला देऊ नये आणि त्याने शरीरात नेमके काय होते, याविषयी फारसे बोलले जात नाही. म्हणून सर्वांना विनंती आहे की वनस्पतींतून काढलेल्या या उडून जाणाऱ्या तेलांचा सर्दीत आपण स्वतः केलेला किंवा अगदी जवळून पाहिलेला वापर इथे लिहावा. ऐकीव उपाय टाळावेत आणि प्रमाण व रीत आवर्जून सांगावी, कारण स्वयंपाकातल्या तेलासारखी ही तेले सढळ हाताने वापरता येत नाहीत. ढीगभर पानांतला अर्क त्या छोट्या बाटलीत उतरलेला असतो.

माझे मत आधीच नोंदवते. ही तेले सर्दी बरी करत नाहीत. सर्दी विषाणूंमुळे होते आणि बहुधा आठवडा-दहा दिवसांत आपली आपण जाते. मात्र त्या दिवसांतल्या रात्री ही तेले सुसह्य करतात आणि मला ते मुळीच क्षुल्लक वाटत नाही. नाक चोंदते ते बव्हंशी आतल्या रक्तवाहिन्या फुगून अस्तर सुजल्यामुळे. पुदिन्यातले मेंथॉल ती सूज उतरवत नाही. ते नाकातल्या थंडावा ओळखणाऱ्या मज्जातंतूंना जागे करते, म्हणून आत येणारी हवा गार व मोकळी वाटते. नाकातून जाणारी हवा यंत्राने मोजली तर मात्र फरक जवळजवळ दिसत नाही. थंडावा ओळखणारी ही ग्राहक-प्रथिने शोधताना शास्त्रज्ञांनी मेंथॉलचाच उपयोग करून घेतला होता आणि २०२१ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक ज्या संशोधनासाठी दिले गेले, त्यात या शोधाचाही वाटा आहे. आराम खरा आहे, पण तो जाणिवेतला आहे, हे मनात ठेवून पुढचे अनुभव वाचावेत असे मला वाटते.

साताऱ्याहून, एक गृहिणी

आमच्याकडे चार पिढ्या ओव्याचीच पुरचुंडी चालत आली आहे. मूठभर ओवा लोखंडी तव्यावर मंद आचेवर घ्यायचा आणि सतत हलवत राहायचे. ओवा तडतडू लागला आणि डोळ्यांना किंचित झोंबणारा वास उठला की रंग पालटण्याआधीच तवा उतरवायचा, कारण ओवा करपला की त्यातले तेल उडून जाते आणि उरतो तो नुसता धुराचा वास. जुन्या सुती धोतराच्या दुपदरी फडक्यात तो बांधायचा, गाठ सैल ठेवायची, आणि आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूवर शेक पारखून मगच दुसऱ्याच्या छातीला व पाठीला लावायचा. वास मंदावला की पुरचुंडी दोन्ही तळव्यांत चुरडली म्हणजे दाणे फुटून पुन्हा दरवळ येतो. मोठ्या माणसांनी ती उशीशेजारी ठेवून झोपले तरी चालते.

माझ्या सासूबाईंना रात्री आडवे झाले की नाक बंद होते. त्यांना यानेच झोप लागते. मला स्वतःला ही रीत बाटलीतल्या तेलापेक्षा जवळची वाटते, कारण यात दाण्यातून येईल तेवढाच वास येतो आणि हात सुटून जास्त पडण्याची भीती नसते. तान्ह्या बाळाच्या नाकाजवळ मात्र आम्ही ती कधी धरत नाही.

नाशिकहून, औषधांच्या दुकानात आयुष्य गेलेला एक औषधनिर्माता

ताईंनी ओव्याचे लिहिले आहे, म्हणून त्याच ओव्यातल्या मुख्य घटकाविषयी लिहितो. त्याला थायमॉल म्हणतात आणि आमच्या काउंटरवर तो ‘ओव्याचे फूल’ या नावाने मागितला जातो. कापूर, पेपरमिंटचे फूल (म्हणजेच मेंथॉल) आणि ओव्याचे फूल हे तिन्ही कोरडे, स्फटिकासारखे पदार्थ समभाग घेऊन काचेच्या बाटलीत घातले आणि झाकण लावून ठेवले, तर थोड्याच वेळात बाटलीच्या तळाशी ओल दिसू लागते आणि पाहता पाहता सगळ्याचे स्वच्छ, पातळ तेल होते. पाणी नाही, उष्णता नाही. मेंथॉल एरवी ४२ अंशांना, थायमॉल ५० अंशांच्या आसपास आणि कापूर तर १७५ अंशांच्याही पुढे वितळतो. पण एकत्र आले की ते परस्परांचा वितळणबिंदू इतका खाली आणतात की खोलीच्या तापमानालाच द्रव तयार होतो. हीच आपल्या लोकांची अमृतधारा.

सर्दीसाठी मी ती एकाच पद्धतीने सुचवतो : रुमालाच्या कोपऱ्यावर एक थेंब, आणि रुमाल नाकापासून वीतभर दूर. नाकपुडीत बोट घालून लावायची नाही, कारण आतले अस्तर नाजूक असते आणि ते भाजल्यासारखे होते. काही गिऱ्हाइके देवापुढे जाळण्याचा कापूर यासाठी वापरतात. तो बहुतांशी टर्पेंटाइनपासून कारखान्यात बनवलेला असतो आणि औषधी दर्जाचा नसतो, तेव्हा तो टाळावा.

बामविषयीही लोक विचारतात. आपल्याकडे १८९३ साली मुंबईत काशीनाथुनी नागेश्वर राव यांनी अमृतांजन सुरू केले तेव्हापासून या वासाला घराघरांत जागा मिळाली आहे. छातीला चोळण्याच्या मलमांचा काही उपयोग असतो का, याचा तपास अमेरिकेत झाला आणि तो २०१० साली प्रसिद्ध झाला : २ ते ११ वर्षांच्या १३८ सर्दी-खोकला झालेल्या मुलांपैकी काहींना कापूर, मेंथॉल व निलगिरीयुक्त मलम लावले, काहींना साधे पेट्रोलियम जेली लावले आणि काहींना काहीच लावले नाही. पालकांच्या सांगण्यानुसार पहिल्या गटातील मुलांना रात्री अधिक चांगली झोप लागली, पण कातडीची व डोळ्यांची जळजळही त्याच गटात अधिक झाली. गिऱ्हाइकाला मी दोन्ही गोष्टी सांगतो.

वेलिंग्टनहून परतलेली एक लष्करी कुटुंबातील वाचक

यजमानांची बदली निलगिरी पर्वतातील वेलिंग्टनला असताना कुन्नूर आणि उटीच्या परिसरातल्या तेलाच्या भट्ट्या जवळून पाहिल्या. ही झाडे मूळची ऑस्ट्रेलियाची. जळणासाठी म्हणून एकोणिसाव्या शतकात ती या डोंगरांत लावली गेली आणि आपण तेलाला डोंगराचेच नाव देऊन टाकले. भट्टी म्हणजे एक साधी पत्र्याची शेड असते. आत भलामोठा हंडा, त्यात ठासून भरलेली पाने, आणि हंड्याच्या तोंडाला जोडलेली नळी, जी पुढे गार पाण्याच्या टाकीतून जाते. वाफ थंड होऊन पाणी आणि तेल एकत्र ठिबकते आणि तेल हलके असल्याने वर तरंगते. अर्क काढून झालेली पानेच वाळवून पुन्हा चुलीत घालतात. शेडमध्ये पाऊल टाकताच डोळ्यांतून पाणी येते. तिथे दिवसभर राबणाऱ्या माणसांकडे पाहिले की बाटलीची किंमत कधी जास्त वाटत नाही.

रस्त्याकडेला फार स्वस्तात मिळणारे तेल मात्र आम्ही घेत नसू. त्यात टर्पेंटाइनची किंवा इतर हलक्या तेलाची भेसळ असू शकते आणि नाकाजवळ नेण्याच्या गोष्टीत ती परवडणारी नाही. आमच्या घरी झोपण्यापूर्वी उशीच्या अभ्र्याच्या बाहेरच्या कोपऱ्याला, गालाला लागणार नाही अशा बेताने, दोन थेंब लावतात.

मुंबईहून, मुलांच्या वॉर्डात काम करणारी परिचारिका

वरचे सगळे अनुभव मोठ्या माणसांचे आहेत आणि ते मला पटतात. मला मुलांविषयी लिहायचे आहे, आणि थोडे सविस्तर लिहीन, कारण आमच्याकडे येणारी मुले बहुधा प्रेमापोटी केलेल्या उपायांनीच येतात.

पहिली गोष्ट वाफेची. पातेल्यात उकळते पाणी, वर निलगिरीचे थेंब, डोक्यावर चादर आणि मांडीवर मूल, हे दृश्य आपल्याकडे इतके सवयीचे आहे की त्यातला धोका दिसतच नाही. चादरीखाली अंधार असतो, तेलाने डोळे चुरचुरतात, मूल हात झाडते आणि पातेले कलंडते. भाजते ते पोट, मांड्या आणि जांघा, म्हणजे जिथे कपडे ओले होऊन कातडीला चिकटून राहतात. त्या मुलाचे ड्रेसिंग बदलताना शेजारी उभी असलेली आई मी विसरू शकत नाही. वाफेने सर्दी लवकर बरी होते याचा भक्कम पुरावा नाही. तेव्हा लहान मुलांना पातेल्याची वाफ देऊच नये असे मी स्पष्टपणे सांगते. मोठ्यांना घ्यायची असेल तर पातेले टेबलावर भिंतीकडे सरकवून ठेवावे, डोळे मिटलेले असावेत आणि मूल त्या वेळी खोलीबाहेर असावे.

दुसरी गोष्ट बाटलीची. निलगिरीच्या तेलाची छोटी बाटली खोकल्याच्या औषधाशेजारी ठेवलेली असते आणि रात्री अर्धवट झोपेत चमच्यात तीच ओतली जाते. लहान मुलाच्या पोटात हे तेल काही मिलिलीटर गेले तरी गुंगी येते आणि झटके येऊ शकतात. कापूर पोटात गेल्यास झटके त्याहूनही लवकर, कधी काही मिनिटांतच येतात. अशा वेळी मुलाला उलटी करवू नये, कारण तेल श्वासनलिकेत उतरण्याचा धोका असतो. बाटली सोबत घेऊन तडक रुग्णालय गाठावे. तेल आणि पिण्याची औषधे एका फळीवर कधीही ठेवू नका.

तिसरी गोष्ट वयाची. दोन वर्षांखालील बाळाच्या नाकाजवळ मेंथॉल, कापूर किंवा निलगिरीचा उग्र वास नेला तर त्याचा श्वास क्षणभर अडखळू शकतो, घसा आकसू शकतो. बाळाच्या नाकात कोणतेही तेल सोडण्याची रीतही थांबवायला हवी. ते तेल फुप्फुसात उतरून वेगळ्याच प्रकारचा न्यूमोनिया होतो आणि तो दीर्घकाळ चिवटपणे राहतो.

श्टुटगार्टहून, नोकरीनिमित्त राहणारा एक मराठी अभियंता

जर्मनीत या तेलांकडे औषध म्हणून पाहिले जाते, ही बाब मला विशेष वाटते. निलगिरीतला मुख्य घटक सिनिओल इथे औषधालयात कॅप्सूलच्या रूपात मिळतो. कॅप्सूलचे वेष्टन असे असते की ती जठरात न विरघळता पुढे आतड्यात विरघळते. २००४ साली इथल्या एका अभ्यासात सायनसच्या तीव्र, पण पू न झालेल्या दाहाच्या १५२ रुग्णांना २०० मिलिग्रॅम सिनिओल दिवसातून तीनदा किंवा तसेच दिसणारे निष्क्रिय औषध दिले गेले, तेव्हा सिनिओल घेणाऱ्यांना अधिक आराम पडला. हे मोजून-मापून केलेले औषध आहे. त्यावरून घरातल्या बाटलीतले तेल साखरेवर टाकून प्यावे असा अर्थ कुणी काढू नये.

दुसरी इथली पद्धत म्हणजे सर्दीसाठीचे गरम पाण्याचे स्नान, ज्यात निलगिरी किंवा थाइम या सुगंधी वनस्पतीचे तेल मिसळलेले द्रावण टबात घालतात. ताप असेल तर हे स्नान करू नये, असे पाकिटावर ठळक लिहिलेले असते. हिवाळ्यातल्या संध्याकाळी त्याने मला फार बरे वाटते.

पुण्याहून, दम्याचा रुग्ण

माझा अनुभव उलट आहे. निलगिरी, कापूर किंवा धूप यांचा तीव्र वास आला की माझी छाती आवळते आणि शिट्टीसारखा आवाज येऊ लागतो. दमा असलेल्या प्रत्येकाला असे होतेच असे नाही, परंतु ज्यांना होते त्यांनी घरच्यांच्या आग्रहाला बळी पडू नये. मी उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ घालून नाक धुतो. पाणी थेट नळाचे घेत नाही.

रत्नागिरीहून, एक बँक कर्मचारी

वडिलांना नाक मोकळे करणाऱ्या झायलोमेटाझोलिनच्या थेंबांची सवय लागली होती. हे थेंब सलग आठवडाभराहून अधिक वापरले की परिणाम उतरताच नाक पूर्वीपेक्षा जास्त चोंदते आणि माणूस पुन्हा थेंब घेतो. कान-नाक-घसातज्ज्ञांनी ते बंद करून दुसरा फवारा लिहून दिला, पण तो लागू पडेपर्यंतच्या रात्री फार अवघड गेल्या. त्या काळात रुमालावरच्या निलगिरीच्या थेंबाने त्यांना मोठा आधार दिला. धाग्याच्या सुरुवातीला लिहिले आहे की हा आराम जाणिवेतला असतो. वडिलांना त्या रात्री नेमका तोच हवा होता, आणि त्या जाणिवेमुळेच थेंबांकडे त्यांचा हात गेला नाही.

बेळगावहून, एक आजी

सिस्टरना एक विचारायचे आहे. नातू चार महिन्यांचा आहे आणि त्याला सर्दी झाली आहे. आमच्याकडे टाळूला वेखंड भरतात आणि छातीला कोमट खोबरेल तेलात कापूर घालून चोळतात. आपण लिहिलेले वाचल्यावर कापूर बाजूला ठेवला आहे. मग करायचे तरी काय?

परिचारिकेचे उत्तर

आजी, कापूर बाजूला ठेवलात हे फार चांगले केलेत. वेखंडाची पूडही नको, कारण ती उडून श्वासातून आत जाते. नुसते कोमट खोबरेल तेल हलक्या हाताने छातीला चोळायला हरकत नाही. आपल्या हाताची ऊब त्याला लागू पडेल. औषधाच्या दुकानात मिठाच्या पाण्याचे, म्हणजे सलाइनचे, नाकात घालायचे थेंब मिळतात. दूध पाजण्याआधी प्रत्येक नाकपुडीत एक-दोन थेंब सोडावेत आणि बाहेर आलेला शेंबूड मऊ फडक्याने टिपावा, म्हणजे बाळाला ओढून पिता येते. पाजणे थोडे थोडे, पण अधिक वेळा करावे.

बाळ शांत असताना त्याचे पोट पाहून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. या वयात मिनिटाला ५० किंवा त्याहून अधिक श्वास होत असतील, श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, किंवा बाळ दूध ओढेनासे झाले असेल, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांकडे न्यावे. सुनेलाही सर्दी असेल तर तिने बाम छातीला लावू नये, कारण बाळाचे तोंड आणि नाक तिथेच येते. तिने तो पाठीला लावावा आणि साबणाने हात धुऊन मगच बाळाला घ्यावे.