राखेच्या सिमेंटचं घर कच्चं असतं?

कलाभवनकर: परवा इथे कुणीतरी लिहिलं, "पीपीसी म्हणजे वीजकेंद्रांचा कचरा आपल्या स्लॅबमध्ये. घर बांधायचं तर ओपीसीच, बिनराखेचं साधं सिमेंट." वाचून संताप आला. पीपीसी म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट; त्यात वीजकेंद्रातल्या कोळशाची १५ ते ३५ टक्के राख मानकातच बसते. सिमेंट पाण्याशी मिळून घट्ट होताना चुना सुटतो. राख तो चुना धरते आणि काँक्रीट आतून भरून येतं. सावकाश, पण येतं. शिवाय तेवढी चुनखडी भट्टीत जाळावी लागत नाही.

मांजलपूर: ते मीच लिहिलं होतं. भावाचा स्लॅब पहिल्याच पावसात गळला. पीपीसीच होतं. वरच्या खोलीत अजून बादल्या ठेवाव्या लागतात.

कलाभवनकर: पाणी किती दिवस मारलं?

मांजलपूर: चार-पाच दिवस. मे महिना, टँकर रोज यायचा नाही. ठेकेदार म्हणाला, पुरे झालं.

कलाभवनकर: मग राखेला कशाला शिव्या? आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात ओपीसीला किमान ७ दिवस पाणी आहे, राख किंवा स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) असेल तर किमान १०. बडोद्याच्या उन्हात १४ तरी हवेतच.

रावपुऱ्यातला वाडा: आमचा वाडा सुरखी-चुन्याचा, आजोबांच्याही आधीचा. सिमेंट नव्हतं तेव्हा काय घरं गळत होती?

कलाभवनकर: सुरखी म्हणजे भाजक्या विटेची पूड. चुन्याशी ती जे करते तेच राख करते.

रावपुऱ्यातला वाडा: अजिबात जोडू नका! चुन्याचा गिलावा करणारा एक कारागीर मिळत नाही. गेल्या वर्षी कडियाने, म्हणजे गवंड्याने, भिंतीवर सिमेंट थापलं. आता ओल आतच कोंडते, पोपडे सुटतात. वाडे असे मरतात आणि तुम्ही टक्केवारी सांगता.

मांजलपूर: वाड्याचं नंतर बोला हो. इथे लोक ईएमआय भरतायत.

रावपुऱ्यातला वाडा: आम्हीही घरपट्टी भरतो. बोलणार.

वाघोडिया रोड: राख कुठली, ते कुणीच विचारत नाही. चिमणीआधी यंत्राने पकडलेली बारीक राख वेगळी, तळ्यात सोडलेली जाडीभरडी वेगळी. आमच्या कंपाउंडच्या राखेच्या विटा स्वस्तात घेतल्या, कोपरे हाताने सुटतात. विकणाऱ्याकडे चाचणीचा कागदच नव्हता.

कलाभवनकर: हे मान्य. कागद नसेल तर ट्रक परत पाठवायचा.

मांजलपूर: ठीक, दोष पाण्याचा असेल. पण उन्हाळ्यात टँकर मिळत नाही, तर १४ दिवस पाणी आणायचं कुठून? तोवर मी ओपीसीच घेणार.

कलाभवनकर: ओपीसीलाही उन्हात १० लागतात. दिवाळीनंतर स्लॅब टाका, स्लॅबवर आळी करून पाणी साठवा, भिंतींना ओलं गोणपाट बांधा.

मांजलपूर: दिवाळीपर्यंत भाडं तुम्ही भरणार का?